डिप्रेशनच्या गोळ्यांनी मुलांच्या टिक्स वाढतात का? रिसर्च नक्की काय सांगतो?

मोगरा_आई
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या. मुलगा ११ वर्षांचा. सहाव्या वर्षापासून डोळे मिचकावणं, मान झटकणं, मधेच घसा खाकरणं अशा टिक्स (आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाज) चालू आहेत, टुरेट म्हणजे याच टिक्सचा आजार आहे हे कळून आता बरीच वर्षं झाली आणि त्याची आम्हाला सवयही झालीय. पण गेल्या वर्षभरात ओसीडीने (तेच तेच विचार येऊन तीच कृती परत परत करायला लावणारा आजार) पार हैराण केलं, वहीत एक अक्षर मनासारखं आलं नाही की पान फाडायचं आणि परत पहिल्यापासून लिहायचं, एका पानाला दीड दीड तास. म्हणून सर्ट्रालीन सुरू केली, डिप्रेशनचीच गोळी, ओसीडीलाही देतात. आता तिसरा आठवडा चालू आहे आणि मान झटकणं जवळजवळ दुप्पट झालंय, रात्री मानेला हात लावून बसून राहतो, दुखतंय म्हणतो. नेटवर वाचलं की अशा गोळ्यांनी टिक्स वाढल्याच्या केसेस आहेत. अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे. तोवर गोळी बंद करू का?

दोन_पोरांचा_बाबा
ताई, आमच्या मुलीचं डिट्टो हेच झालं होतं, फक्त गोळी फ्लुओक्सेटीन. आम्ही घाबरून कोणाला न विचारता बंद केली. टिक्स काही कमी झाल्या नाहीत, पुढे दोन महिने तशाच राहिल्या, उलट ओसीडी पूर्वीपेक्षा जोरात परत आलं आणि ती अंघोळीला गेली की दोन दोन तास बाहेर यायची नाही. नंतर डॉक्टरांनी कमी डोसवर परत सुरू केली तेव्हा गोळी चालू असतानाच टिक्स आपोआप ओसरल्या. म्हणजे आम्ही गोळीला दोष देत होतो आणि ती तिची दरवर्षीची लाटच होती. हे आम्हाला कळलं कशामुळे, तर बायकोने कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहायला सुरुवात केली होती, संध्याकाळी अर्ध्या तासात किती वेळा, एवढंच. तुम्ही आजपासून लिहा आणि दहा दिवस थांबू नका, उद्याच फोन करा.

पेन_आणि_पॅड
मी बालमानसोपचारात काम करते. इथे वाचून सल्ला देणं बरोबर नाही, म्हणून फक्त रिसर्चचं सांगते.

गोळीनंतर टिक्स वाढल्याचे केस रिपोर्ट आहेत हे खरं आहे. पण केस रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरने एका पेशंटमध्ये जे पाहिलं ते. टिक्स मुळातच कमीजास्त होत राहतात, बहुतेक मुलांमध्ये १० ते १२ वर्षांच्या आसपास सगळ्यात जोरात असतात, आणि ओसीडीची गोळी सुरू करायची वेळही बरेचदा नेमकी तेव्हाच येते. शिवाय मूल सगळ्यात वाईट अवस्थेत असतं तेव्हाच आपण डॉक्टर गाठतो. अशावेळी दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येत नाही, त्यासाठी प्लासिबोवाला, म्हणजे औषध नसलेली नुसती दिसायला तशीच गोळी घेणारा ग्रुप लागतो.

एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अति चंचलपणा) स्टिम्युलंट गोळ्यांबद्दलही हीच भीती वर्षानुवर्षं होती. २०१५ मध्ये २२ ट्रायल्स, २३८५ मुलं एकत्र करून पाहिलं तर टिक्स नव्याने आल्या किंवा वाढल्या असं गोळीवाल्यांत ५.७ टक्के मुलांत दिसलं आणि प्लासिबोवाल्यांत ६.५ टक्के! मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या भीतीपोटी कित्येक मुलांना गोळी मिळालीच नव्हती. पण ते उत्तर जसंच्या तसं सर्ट्रालीनला लावू नका, औषध वेगळं आहे.

सर्ट्रालीनबद्दल दुसरी एक गोष्ट माहीत हवी. २००४ मध्ये ओसीडीच्या ११२ मुलांवर मोठा अभ्यास झाला, थेरपी, सर्ट्रालीन, दोन्ही एकत्र आणि प्लासिबो असे चार ग्रुप. नंतर त्यातली टिक्स असलेली मुलं वेगळी काढून पाहिली तर नुसत्या सर्ट्रालीनचा प्लासिबोपेक्षा फारसा फायदा दिसला नाही, थेरपीचा मात्र टिक्स असूनही झाला आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना सगळ्यात चांगला. ही मुलं साधारण १५ टक्केच होती, म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, तरी ओसीडीची थेरपी चालू नसेल तर ती आधी विचारा. टिक्ससाठी वेगळी वर्तन थेरपी आहे, २०१० च्या ट्रायलमध्ये १२६ मुलांपैकी थेरपीवाल्यांत निम्म्याहून जास्त सुधारली, दुसऱ्या ग्रुपमध्ये १८.५ टक्के.

आणि एक. टिक्ससाठी दुसरी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. त्यातली पिमोझाइड आणि सर्ट्रालीन एकत्र देत नाहीत, हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो.

बावीस_वर्षांचा
मला स्वतःला टुरेट आहे, सातवीत असताना याच प्रकारची गोळी सुरू झाली होती. मुलाला एकदा शांतपणे विचारा की मान झटकायच्या आधी मानेत काहीतरी साठल्यासारखं होतं का, आणि झटकली की क्षणभर मोकळं वाटतं का. तसं असेल तर ती टिकच. मला गोळीच्या पहिल्या पंधरा दिवसांत वेगळंच व्हायचं, पाय एका जागी ठेवताच यायचे नाहीत, आतून सारखं हलत राहावंसं वाटायचं, मोकळं तर कधीच वाटायचं नाही. घरच्यांना ते टिक्स वाढल्यासारखंच दिसायचं. डॉक्टरांना कळल्यावर डोस कमी केला, चार दिवसांत पाय थांबले. आणि प्लीज त्याला ‘करू नको ना रे’ म्हणू नका, मला त्यानेच जास्त यायच्या.

पेन_आणि_पॅड
@बावीस_वर्षांचा हे फार बरं सांगितलंत, त्या अस्वस्थतेला अकाथिसिया म्हणतात आणि ती पहिल्या आठवड्यांत, डोस वाढवल्यावर जास्त दिसते. ताई, तसं वाटलं, झोप उडाली, चिडचिड एकदम वाढली किंवा जगणं नकोसं झाल्यासारखं काही बोलला तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी फोन. मुलांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून २००४ पासून अमेरिकेत या गोळ्यांवर ठळक इशारा असतो, ट्रायल्समध्ये असे विचार किंवा प्रयत्न गोळीवाल्यांत ४ टक्के आणि प्लासिबोवाल्यांत २ टक्के होते. स्वतःहून एकदम बंदही करू नका, चक्कर, मळमळ, चिडचिड होते आणि मग कशाने काय होतंय तेच कळत नाही.

मोगरा_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच त्याला विचारलं. म्हणाला, आई मानेत आधी खाज सुटल्यासारखं होतं, झटकली की जाते, पण पायांचं तसं नाही. पायांचं काय म्हटलं तर म्हणे वर्गात बाकाखाली पाय सारखे हलतात, गोळी सुरू झाल्यापासून. मला हे माहीतच नव्हतं. क्लिनिकला फोन केला, उद्या सकाळी ११ ला बोलावलंय, गोळीचं काय करायचं ते तिथेच ठरेल. वहीत आजचा पहिला आकडा लिहिलाय, मान ४१, आणि पायांसाठी शेजारी वेगळा कॉलम आखलाय.