पेट्रोल भरल्यावरच गाडी स्टार्ट होत नाही, एरवी ठणठणीत

पाथर्डीफाटा_ताई
गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर. घर पाथर्डी फाट्याला, नोकरी सातपूरला. रोज सकाळी एका सेलमध्ये सुरू होते. पण पंपावर पेट्रोल भरून चावी फिरवली की नुसता सेल फिरतो. चार-पाचदा मारल्यावर, अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून धरला तर कशीबशी घेते. मग दोन मिनिटं थरथरते, पेट्रोलचा वास येतो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत पुन्हा पहिल्यासारखी.

मागच्या शनिवारी वणीला गडावर निघालो होतो. सासू-सासरे मागच्या सीटवर, पंपावर पाठीमागे रांग, हॉर्नवर हॉर्न. शेवटी पंपावरच्या पोरांनी ढकलून बाजूला घेतली.

हजाराचं भरलं तर त्रास कमी, फुल केली की हमखास. आणि सासऱ्यांचा नियम असा की ऑटो कट झाल्यावर राउंड फिगर करायचीच. "एकतीसशे चाळीस झाले? बत्तीसशे कर." पोरगा नोझल वर-खाली करत थेंब थेंब भरतो.

फिटरने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. काडीचा फरक नाही. आता म्हणतो फ्युएल पंप, नऊ हजार. चेक इंजिनचा लाइट मनाला येईल तेव्हा लागतो. पीयूसी मात्र गेल्याच महिन्यात पास झालंय, म्हणजे प्रदूषणाच्या पार्टचा काही संबंध नसावा ना?

गंगापूररोड_रायडर
इथेनॉल! दुसरं काय. सगळ्यांच्या गाड्यांची वाट लागलीय.

नाशिकरोड_७७
कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, चोक असेल. माझ्या मेहुण्याच्या गाडीचा झाला होता.

अंबडचा_जुना_फिटर
ताई, नऊ हजार आधी खिशात ठेवा. पंप थकलेली गाडी कधी पेट्रोल भरलं हे विचारत नाही. ती चढाला मरते, सकाळी प्रेशर नसतं म्हणून सेल खाते. तुमची सकाळी एका सेलला घेते आणि भरल्यावरच अडते. इथेनॉलचंही तेच: त्याने त्रास द्यायचा तर दोन मिनिटांनी का थांबेल? कॅट चोक झाला तर गाडी कसारा घाट ओढणार नाही, आणि टाकी भरलेली असो नसो, रोज रडेल.

दुखणं टाकीच्या वाफेत आहे. पेट्रोल आत पडतं तेव्हा टाकीतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळसा भरलेला एक प्लॅस्टिकचा डबा असतो, कॅनिस्टर, तो ती धरून ठेवतो. मग इंजिन गरम होऊन चालायला लागलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि ती वाफ इनटेकमधून, म्हणजे इंजिनच्या हवा ओढायच्या वाटेने, ओढून जाळतो. सेल मारताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद पाहिजे. तुमचा बहुतेक उघडाच अडकलाय. टाकी भरल्या भरल्या वाफ लोटलेली असते, सेल मारला की ती सगळी इंजिनच्या नाकातोंडात जाते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर घेते, कारण तेव्हा हवा जास्त मिळते.

पार्ट आणण्याआधी बघून घ्या. इंजिन गार असताना बॉनेट उघडा. इनटेकच्या आसपास छोटं काळं डबडं, त्याला दोन नळ्या आणि एक वायरचं सॉकेट. टाकीकडून येणारी नळी काढा. जुनं रबर सरळ ओढू नका, आधी पिळून सैल करा, नाहीतर फाटतं. सॉकेटही काढा. आता गाडी सुरू करून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर अंगठा ठेवा. करंट नसताना तो बंदच असतो, त्यामुळे ओढ अजिबात लागायला नको. अंगठा चिकटला तर व्हॉल्व्ह गेला. सॉकेट काढल्यामुळे चेक लाइट लागेल, घाबरू नका. हे उघड्यावर करा, वाफ असते, बिडी-काडी लांब.

स्कॅनरवर पी ०४४१ (वाफेच्या पर्जमध्ये गडबड) किंवा पी ०१७२ (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) हा कोड दिसू शकतो. पण कोड नाही म्हणून व्हॉल्व्ह चांगला, असं नसतं. आणि पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून तिथला धूर मोजतो. टाकीच्या वाफेचं काय चाललंय ते त्याला कसं दिसणार?

आता सासऱ्यांचं. कटनंतर भरलेलं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. तो डबा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. कोळसा भिजतो, भुगा होतो, आणि तोच भुगा व्हॉल्व्हमध्ये येऊन बसतो. असंच जास्तीचं पेट्रोल जात राहिलं तर मेहुण्यांच्या गाडीसारखा कॅटही जाईल, तो खर्च वेगळा.

द्राक्षबाग_पिंपळगाव
माझं उलटं होतं. झाकण उघडलं की जोरात फुस्स आणि नोझल दर दोन लिटरला कट. दोन पंप बदलले, त्यांच्याशी भांडलो. शेवटी कॅनिस्टरच्या व्हेंट नळीत, म्हणजे बाहेरच्या हवेकडे उघडणाऱ्या नळीत, कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं सापडलं, बागेत गाडी उभी असते ना. हसू नका, कोळ्यांनी हीच नळी जाळ्याने बंद केली म्हणून माझदाने २०११ मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलावल्या होत्या.

पाथर्डीफाटा_ताई
अपडेट. रविवारी नवऱ्याने टॉर्च धरला, अंगठा मी. चिकटला! ठेवला की आयडलिंग गुळगुळीत, काढला की घरघर. व्हॉल्व्ह काढून तळहातावर आपटला तर मोहरीएवढे तीन काळे कण पडले. द्वारकेकडे दुकानात नवा चौदाशेला मिळाला. काल टाकी फुल केली, कटला थांबून. एका सेलमध्ये! सासऱ्यांनी एकतीसशे सत्तेचाळीस रुपये यूपीआयने दिले, तोंड पाडून. पण काका, डिकी उघडली की अजून थोडा वास येतो.

अंबडचा_जुना_फिटर
कण पडले म्हणजे कोळसा सुटलाय. कॅनिस्टर गाडीतून काढून हातात घ्या. नेहमीपेक्षा जड लागला तर पेट्रोल प्यायलाय, हलवल्यावर खळखळला तर आतून फुटलाय, दोन्हींत बदलायचा. ठीक वाटला तरी नळीत हवा मारून उरलेला भुगा काढा आणि दोन-तीन टाक्यांनंतर नवा व्हॉल्व्ह पुन्हा तळहातावर आपटून बघा. वासासाठी टाकीच्या झाकणाचं रबरही बघा, सुकून चिरलेलं असतं.