एल्कसाठी पहिली रायफल आणि अस्वलांचा भाग

प्रेषक: निखिल (कॅलगरी)

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी लिस्टवर लिहितोय, आणि विषय दिवाळी अंक किंवा गणपतीच्या वर्गणीचा नाहीये, त्यामुळे आधीच माफी मागतो. गेल्या हिवाळ्यात फायरआर्म्स सेफ्टी कोर्स केला, पॅल म्हणजे बंदुकीचं लायसन्स हातात आलंय, हंटर एज्युकेशन झालं, शिकाऱ्याच्या ओळखक्रमांकाचं विन कार्डपण आलं. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर सप्टेंबरात इथे अल्बर्टातच नॉर्डेगच्या पश्चिमेला एल्कला, म्हणजे त्या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं ठरतंय. आता रायफल घ्यायचीय आणि डोकं पार भंजाळलंय. दुकानातला माणूस म्हणतो तिकडे ग्रिझली (तपकिरी अस्वलं) आहेत, .३३८ मॅग्नमच्या (आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) खाली काही घेऊच नकोस, वर एक .३७५ पण काढून दाखवली. मित्र म्हणतो .३०८ पुरे. बायको म्हणते रायफल काय ती घे पण कमरेला पिस्तूल हवंच. बजेट स्कोप (रायफलवरची दुर्बीण) धरून दोन हजार डॉलर. कोर्स सोडला तर आजवर फक्त दोनदा रेंजवर गेलोय. अण्णा, तुम्ही इतकी वर्षं जाताय, जरा सांगाल का?

निखिल

—

प्रेषक: अण्णा (रेड डीअर)

निखिल,

लिस्टवर विचारलंस ते बरं केलंस, अजून दोघातिघांनी मला फोनवर हेच विचारलंय.

पिस्तुलाचं आधी संपवतो. २१ ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडात हँडगनची खरेदीविक्रीच गोठवलीय, आणि त्याच्या आधीही ट्रॅपर (सापळे लावून जनावरं धरणारे) वगैरे मोजके लोक परवानगी काढून जंगलात नेत असत, शिकाऱ्याला ती मुभा नव्हतीच. त्यामुळे सूनबाईंना सांग, कमरेला बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा लावणार.

आता .३३८. घेऊ नकोस. इतकं सरळ सांगतोय कारण हीच चूक मी केलीय. मलाही असंच कोणीतरी अस्वलाची भीती घातली आणि मी पहिलीच रायफल .३३८ घेतली. तिचा धक्का .३०-०६ च्या दीडपटीहून जास्त बसतो, गोळ्याही महाग, त्यामुळे उन्हाळाभरात मी जेमतेम एक डबा, म्हणजे वीस बार काढले, आणि दर बारागणिक खांदा आधीच आखडायला लागला. सप्टेंबरात नव्वद मीटरवर एल्क आडवा उभा होता, वारा माझ्या तोंडावर, घाई काही नाही. मी चाप ओढताना डोळे मिटले. गोळी पोटात मागे लागली. रात्री अकरापर्यंत आणि दुसरा पूर्ण दिवस आम्ही रक्त शोधत फिरलो, नंतर पाऊस आला आणि माग पुसला गेला. ते जनावर कुठेतरी तडफडून मेलं असणार आणि ते माझ्यामुळे. इतकी वर्षं झाली तरी सप्टेंबर आला की मला ते आठवतं. म्हणून म्हणतो, ज्या रायफलला तू घाबरतोस ती रायफल ग्रिझलीच्या भागात काय, कुठेच कामाची नाही.

तुझ्यासाठी .३०८ किंवा .३०-०६, इथे सगळे जिला थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात ती. पहिली १९५२ची, दुसरी १९०६ची, दोन्हीच्या गोळ्या लहान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा मिळतात, आणि हे जंगलापासून तीन तासांवर डबा घरी विसरल्याचं लक्षात आलं की कळतं. बोल्ट अॅक्शन (दर बारानंतर हाताने खिट्टी ओढायची) घे, स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक दस्ता, लाकडी दस्ता दिसायला सुंदर पण तिकडे सप्टेंबरातही बर्फ पडतो. स्कोप ३-९ (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) पुष्कळ झाला, आणि झाडीत चालताना तो कायम ३ वर ठेवायचा, नाहीतर जवळचं जनावर दिसतच नाही, नुसते केस दिसतात. सगळं मिळून पंधराशेत बसव आणि उरलेले पाचशे गोळ्यांवर आणि रेंजवर घाल. त्यात काटकसर नको.

कॅलिबरवर लोक तासन्‌तास वाद घालतात पण खरी गोष्ट गोळी कशी बनवलीय त्यात आहे. एल्कला .३०-०६ साठी १८० ग्रेनची गोळी घे. ग्रेन म्हणजे काय असा प्रश्न मलाही पडला होता, तर आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. काडतूस नाही, नुसतं त्याच्या टोकाचं शिसं-तांबं, एक तोळा. सोनाराच्या तराजूत घालायचं तेवढं वजन एल्कच्या खांद्याच्या हाडातून पार जायला हवं, आणि मऊ गोळी असेल तर ती हाडावरच फुटून तुकडे होते. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाला १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही मोठं हरीण) शिकारीत हाच अनुभव आला, चिखलाने माखलेला मूस, गोळ्या आत जाईनात. त्यातून त्याने पार्टिशन गोळी बनवली, मधोमध तांब्याची आडवी भिंत, पुढचा अर्धा भाग छत्रीसारखा उमलतो आणि मागचा अर्धा शाबूत राहून आत जात राहतो. आज बाँडेड (शिसं तांब्याला घट्ट चिकटवलेल्या) गोळ्या मिळतात, बार्न्स कंपनीच्या पूर्ण तांब्याच्या मिळतात, यातली कुठलीही चालेल पण स्वस्तातली, लहान हरणासाठीची, मऊ टोकाची सॉफ्ट पॉइंट नको. (आणि नुसती टणक, न उमलणारी गोळी मोठ्या जनावरांसाठी अल्बर्टात कायद्यानेच चालत नाही.)

दुकानदाराला दाखवायला एक गोष्ट. १९८३ मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने अलास्कातल्या आपल्या माणसांसाठी पंधरा यार्डांवरून बऱ्याच बंदुकांची चाचणी घेतली, अस्वल अंगावर आलं तर काय उपयोगी पडेल म्हणून. .४५८, .३७५, .३३८ वर आल्या हे ओघानेच आलं, पण त्यांच्या पंगतीत साधी .३०-०६ पण येऊन बसली, २२० ग्रेनच्या जड गोळीसकट. एवढं बळ तिच्यात आहे. नेम मात्र तुझा लागतो.

आणि एक लक्षात असू दे, अल्बर्टात ग्रिझलीची सर्वसाधारण शिकार २००६ पासून बंद आहे, २०१० पासून ते संकटग्रस्त म्हणून नोंदलंय. तुझी रायफल एल्कसाठी आहे. जिवावर बेतलं आणि अस्वलावर बार काढावा लागला तर लगेच फिश अँड वाइल्डलाइफला (वन्यजीव खात्याला) कळवायचं, जागेवरून काही हलवायचं नाही.

अण्णा

—

प्रेषक: वैशाली (एडमंटन)

अण्णांनी गोळीचं सांगितलं, मी अस्वलाचं सांगते.

माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं, चंद्रपूर जिल्हा. उन्हाळ्यात पहाटे बाया मोहफुलं वेचायला जंगलात जातात, खाली वाकलेल्या असतात, आणि त्याच झाडाखाली अस्वल मोह खायला आलेलं असतं. दहा हातांवर आल्यावर दोघांना एकमेकांचा पत्ता लागतो. आमच्या शेजारच्या आजीच्या गालावर ती खूण मी लहानपणापासून बघत आले. इकडे आल्यावर मला कळलं की एल्कची शिकार म्हणजे हुबेहूब तेच. हायकिंगला जाताना आपल्याला सांगतात मोठ्याने बोला, घोळक्याने चाला, संधिप्रकाशात फिरू नका. आणि शिकारी काय करतो, एकटा, पहाटे, आवाज न करता, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, आणि वर मादी एल्कचा आवाज काढत. तो आवाज ग्रिझलीपण ऐकतं की.

म्हणून स्प्रे. छातीवर किंवा पट्ट्याला, पाठपिशवीत नाही. टॉम स्मिथ आणि आपल्या कॅलगरी विद्यापीठाचे स्टीफन हेरेरो यांनी अलास्कातल्या घटना जमवून २००८ मध्ये पेपर लिहिला, तपकिरी अस्वलांवर स्प्रे मारला तिथे ९२ टक्के वेळा त्याने अस्वल थांबलं, आणि जवळून गाठ पडूनही स्प्रे जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के सुखरूप राहिली. २०१२ मध्ये त्यांनीच बंदुकीच्या घटना तपासल्या, तर बंदूक वापरली काय आणि नाही वापरली काय, जखमी होण्यात फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यासांतली माणसं आणि प्रसंग वेगळे, त्यामुळे मी आकड्यांची एकास एक तुलना करणार नाही, पण कारण मला पटतं. खांद्यावरून रायफल उतरवा, सेफ्टी काढा, स्कोपमध्ये धावतं अस्वल शोधा, एवढा वेळच नसतो. स्प्रेला नेम लागत नाही, ढग उभा करायचा. फक्त तारीख बघा, डबा तीनचार वर्षांत जुना होतो, आणि रिकामा सरावाचा डबा मिळतो तो घेऊन पट्ट्यातून काढायची सवय करा.

खरा धोका शिकार झाल्यावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही संध्याकाळी एल्क पाडला, अंधार झाला म्हणून मागचे दोन तंगडे झाडाला उंच बांधून बाकीचं घेऊन गाडीकडे गेलो, आतडी जागेवरच. सकाळी परतलो तेव्हा दोनशे मीटरवरूनच कावळ्यांचा कालवा ऐकू आला, नवरा दुर्बीण लावून बघतो तर आतड्यांच्या जागी ताज्या मातीचा, शेवाळाचा ढीग, वर उपटलेली झुडपं. अस्वलाने ते पुरून ठेवलं होतं, म्हणजे ते तिथेच कुठेतरी पडून राखण करत असणार. आम्ही आल्या पावली मागे फिरलो, बोललोसुद्धा नाही गाडीत बसेपर्यंत. त्यानंतर नियम केला, दुपारनंतर लांब आत गेलो असू तर बारच काढायचा नाही. आणि एक जण कापत असताना दुसरा उभा राहणार, पाठीला पाठ लावून, त्याला पहाऱ्याशिवाय दुसरं काही काम नाही.

हो, आणि निखिल, दस्ता स्वतःच्या हाताच्या मापाचा बघ. माझी उंची पाच फूट दोन इंच, पहिली वर्षं मी नवऱ्याच्या मापाची रायफल वापरली आणि स्कोपने भुवई फुटली. मी सेव्हन एमएम-ओ-एट (.३०८ पेक्षा बारीक गोळीची) वापरते, धक्का कमी, आणि तिने चार एल्क घरी आणलेत.

वैशाली

—

प्रेषक: शोभाकाकू (कॅलगरी)

मला यातलं काही कळत नाही, आम्ही अंडंसुद्धा खात नाही, पण निखिल तुझी पिल्लं पाच आणि तीन वर्षांची आहेत, बंदूक घरात कुठे ठेवणार ते आधी सांग.

—

प्रेषक: निखिल (कॅलगरी)

काकू, बरोबर विचारलंत. लोखंडी कपाट घेतलंय, तळघरात भिंतीला बोल्टने ठोकलंय, रायफल रिकामी करून, चापाला कुलूप लावून आत, आणि गोळ्या वरच्या मजल्यावर वेगळ्या कुलपाच्या पेटीत. किल्ल्या माझ्याच गळ्यात. कायद्याला यातलं थोडं कमी चाललं असतं पण मला नाही चालत.

अण्णा, .३०-०६ चं नक्की केलं. पण तुम्ही म्हणालात तसं दचकतो की नाही हे स्वतःचं स्वतःला कसं कळायचं?

—

प्रेषक: अण्णा (रेड डीअर)

स्वतःला कळत नाही, दुसऱ्याने बघावं लागतं. तुझी रायफल मी भरायची, तू बघायचं नाहीस, चार खऱ्या गोळ्यांत एक डमी काडतूस मधेच कुठेतरी. तू चाप ओढतोस आणि बार होण्याऐवजी नुसतं टक् होतं. दचकणारा असशील तर नळीचं टोक दोन बोटं खाली जातं, धक्का नसतानाही. मला पहिल्यांदा कोणी हे दाखवलं तेव्हा माझं टोक इतकं खाली गेलं की मी नंतर गाडीत जाऊन बसलो. मग .२२ (बारीक गोळीची, धक्का जवळजवळ नसलेली) घेतली, दोन महिने रोज पन्नास बार काढले, तेव्हा गेलं. तुलाही आधी .२२ वर बसवणार.

शनिवारी सकाळी आठला माझ्या क्लबच्या रेंजवर ये, तुझं नाव पाहुणा म्हणून लिहून ठेवतो. कानाला डबल लाव, आत बोळे आणि वरून मफ. डमी माझ्याकडे आहेत, माझी .३०-०६ आणि नातवाची .२२ दोन्ही आणतो. स्प्रेचा सरावाचा डबा वैशाली, तुझ्याकडचा घेऊन येशील का? आणि शोभाकाकूंना म्हणावं, मुलांना घेऊन तुम्ही आमच्याकडे या तोवर, हिने साबुदाण्याची खिचडी करायचं म्हटलंय.

अण्णा