विषय: नवी गाडी घेताना ॲव्हरेज बघायचं की टिकाऊपणा?

प्रेषक: अदिती

नमस्कार मंडळी,

आमची जुनी एसयूव्ही यंदा काढायची आहे. गॅलनला जेमतेम २० मैल देते. वर्षाकाठी १२,००० मैलांच्या आसपास रनिंग होतं. त्यात डे-केअर, ऑफिस, सामान आणणं असे छोटे टप्पेच जास्त, आणि शनिवार-रविवारी हायवे. नवी गाडी निदान दहा वर्षं तरी ठेवायची असं ठरवलंय.

तीन गाड्यांवर येऊन अडकलो आहोत. एक हायब्रिड सेडान, काचेवरच्या लेबलवर गॅलनला ५० मैल. एक साधी पेट्रोल सेडान, टर्बो वगैरे काही नाही, लेबलवर ३५. आणि एक लहान टर्बो इंजिनाची क्रॉसओव्हर, लेबलवर ३०. अमेयचं म्हणणं, हायब्रिडमध्ये इंजिनही आणि मोटरही, म्हणजे बिघडायला दोन-दोन गोष्टी. मला तर लेबलवरचे आकडेच खरे वाटत नाहीत. प्रत्यक्षात किती मिळतं आणि दहा वर्षांत कोणती गाडी जास्त त्रास देते, कोणी अनुभवाने सांगेल का?

अदिती

प्रेषक: विवेक

अदिती,

वर्षाचं रनिंग, आत्ताचं ॲव्हरेज आणि गाडी किती वर्षं ठेवणार हे तू आधीच सांगितलंस, म्हणून नीट उत्तर देता येतंय. नुसतं ‘कुठली गाडी चांगली’ विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात.

५० उणे ३५ म्हणजे १५चा फरक, असा हिशेब करू नकोस. पेट्रोल किती जळणार ते काढ. १२,००० मैलांना तुझ्या एसयूव्हीला ६०० गॅलन लागतात. ३० एमपीजीच्या (म्हणजे गॅलनला ३० मैल देणाऱ्या) गाडीला ४००, ४०च्या गाडीला ३००, ५०च्या गाडीला २४०. म्हणजे २० वरून ३० वर आलात की २०० गॅलन वाचले, पण ४० वरून ५० वर गेलात तर फक्त ६०. एमपीजीतला फरक मात्र दोन्हीकडे दहाचाच. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. एमपीजीचा आकडा बघून बचतीचा अंदाज बांधला की माणसं हमखास चुकतात. नव्या गाडीच्या काचेवर जो स्टिकर, म्हणजे ते लेबल, असतं त्यावर ‘१०० मैलांना किती गॅलन’ हा आकडा बारीक अक्षरांत दिलेला असतो. तोच बघायचा.

तुझ्या तिन्ही गाड्या या मापाने मोज: क्रॉसओव्हर ४००, साधी सेडान साधारण ३४३, हायब्रिड २४०. सगळ्यात मोठी बचत एसयूव्ही काढल्यानेच होणार आहे, मग तिच्या जागी यातली कुठलीही येवो. हायब्रिड आणि साधी सेडान यांच्यात वर्षाला शंभर गॅलनचा फरक, दहा वर्षांत हजार. त्या हजार गॅलनला तुमच्या पंपावरच्या भावाने गुणा आणि दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाशेजारी लिहून ठेवा. त्याच कागदावर तिसरा आकडा लिहा, वॉरंटी संपल्यावर गिअरबॉक्स बदलायचा खर्च. हा तिसरा आकडा बघितला की टिकाऊपणाला किती वजन द्यायचं ते आपोआप कळतं.

आता लेबल. ते खोटं नसतं, पण ते प्रयोगशाळेतलं असतं. गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगाने चालवतात. २००८च्या मॉडेलपासून ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने) शहर आणि हायवे या जुन्या दोन चाचण्यांच्या जोडीला आणखी तीन हिशेबात धरल्या: ताशी ८० मैलांपर्यंत जाणारी जोरकस चाल, ९५ फॅरनहाइटमध्ये एसी लावून, आणि २० फॅरनहाइटच्या थंडीत. त्यामुळे आकडे पूर्वीपेक्षा जमिनीवर आले. एकत्रित आकड्यात शहराचा वाटा ५५ टक्के आणि हायवेचा ४५ धरतात. तुझं रनिंग तसं नसेल तर तो एकत्रित आकडा तुझ्या कामाचा नाही. शहर आणि हायवेचे वेगवेगळे आकडे घे आणि आपल्या प्रमाणात बसव.

शिवाय चाचण्या बहुतांशी कंपन्या स्वतःच करतात आणि ईपीए त्यातल्या काही गाड्या स्वतः तपासून बघते. २०१२ साली ह्युंदाई आणि किआला बऱ्याच मॉडेलांचे आकडे खाली आणावे लागले होते. फोर्डच्या सी-मॅक्स हायब्रिडची गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि वजनाचा गट एकच असल्यामुळे नियमात राहूनच तिला फ्यूजन हायब्रिडचे आकडे लावले होते. लेबल म्हणत होतं ४७. पण सी-मॅक्स अंगाने उंच, वाऱ्याला जास्त अडणारी. २०१३ मध्ये ४७चे ४३ करावे लागले आणि पुढच्या वर्षी ४०. यात कोणी आकडा खोटा लिहिला नव्हता, नियमच तसा होता. तेव्हा उंच, चौकोनी गाडी आणि तिच्याच इंजिनाची बुटकी सेडान यांचे हायवेचे आकडे अगदी जवळजवळ दिसले तर दोनदा विचार कर. आणि ज्या ट्रिमची, म्हणजे मॉडेलच्या ज्या प्रकाराची, गाडी घेणार त्याच ट्रिमचं लेबल बघ. मोठी चाकं आणि ऑल-व्हील ड्राइव्ह घेतलं की दोन-तीन मैल सहज जातात.

विवेक

प्रेषक: स्मिता

अदिती, विवेककाकांच्या हिशेबात मला थंडी घालायची आहे. छोटे टप्पे म्हणालीस म्हणून.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे आहेत: ७७ फॅरनहाइटच्या मानाने २० फॅरनहाइटला साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज १५ टक्क्यांच्या आसपास घसरतं, आणि तीन-चार मैलांच्या फेऱ्या असतील तर २४ टक्क्यांपर्यंत. हायब्रिडचं ३० ते ३४ टक्के. हे वाचून घाबरू नकोस, ५० मधून एक तृतीयांश गेला तरी ती साध्या सेडानच्या पुढेच राहते. पण ‘हायब्रिड म्हणजे वर्षभर ५०’ असं मनात धरून घेतलीस तर डिसेंबरात नक्की चिडशील.

आमच्या हायब्रिडमध्ये कारण डोळ्यांना दिसतं. सिग्नलला उभी असताना उन्हाळ्यात इंजिन गप्प असतं. हिवाळ्यात हीटर जोरात लावला की तेच इंजिन उभ्या जागी सुरू होतं, कारण आत ऊब आणायला त्याला स्वतः तापावं लागतं. मी आता हीटर दोन-तीन अंशांनी खाली ठेवते आणि सीट गरम करते. इंजिन लगेच कमी वेळा सुरू होऊ लागतं. आणि सकाळी पंधरा मिनिटं गाडी अंगणात चालू ठेवून गरम करायची सवय सोड. त्या वेळात ॲव्हरेज शून्य असतं, आणि हळूहळू चालवत नेली तर गाडी जास्त लवकर तापते.

बाकी वेगाचं सगळ्यांना माहीत असतं, पाळत कोणी नाही. ताशी पन्नास मैलांच्या पुढे ॲव्हरेज झपाट्याने पडतं, कारण वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ट्रिपसाठी टपावर लावलेला बॉक्स परत आल्यावर उतरवा. इंटरस्टेटच्या वेगात तो एकटा १० ते २५ टक्के खातो.

प्रत्यक्षात किती मिळतं ते मोजायचं असेल तर डॅशबोर्डवर जाऊ नकोस, तो बऱ्याचदा थोडा जास्तच दाखवतो. टाकी भरताना नोजल पहिल्यांदा बंद झालं की थांबायचं, ओडोमीटर लिहायचा, पुढच्या वेळी परत पहिल्या क्लिकपर्यंतच भरायचं आणि मधले मैल भागिले पावतीवरचे गॅलन. एका टाकीवरून काही ठरवू नकोस. फ्युएलइकॉनॉमी डॉट गव्ह या सरकारी साइटवर लोकांनी नोंदवलेले आकडे मॉडेलवार सापडतात, त्यात तुमच्यासारख्या हवेतले लोक बघ.

स्मिता

प्रेषक: अदिती

काका, ताई, खूप आभार. गॅलनचा तक्ता अमेयला दाखवला, पटला. पण त्याचा मूळ मुद्दा अजून तिथेच आहे: दोन यंत्रणा म्हणजे दुप्पट बिघाड. आणि टिकाऊपणाच्या याद्यांमध्ये एकाच गाडीला एकीकडे वरचा नंबर, दुसरीकडे खालचा. कोणाचं ऐकायचं?

अदिती

प्रेषक: विवेक

अदिती,

याद्या आधी. जे. डी. पॉवर या पाहणी करणाऱ्या कंपनीचा एक सर्व्हे गाडी घेतल्यापासूनच्या ९० दिवसांचा असतो आणि दुसरा तीन वर्षं जुन्या गाड्यांचा. कन्झ्युमर रिपोर्ट्स हे ग्राहकांसाठीचं मासिक आपल्या सभासदांना गेल्या १२ महिन्यांत काय काय बिघडलं ते विचारतं. तीन वेगळे प्रश्न, म्हणून तीन वेगळी उत्तरं. दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याला पहिल्या ९० दिवसांशी काय घेणं आहे? त्यातही स्क्रीन अडकणं, फोन न जोडला जाणं अशा तक्रारी बऱ्याच असतात. वैताग येतो, पण गाडी रस्त्यात बंद पडत नाही. एकूण गुणांवर थांबू नकोस. इंजिन, ट्रान्समिशन, कूलिंग हे रकाने उघड, आणि त्याच मॉडेलची सात-आठ वर्षं जुनी गाडी त्या रकान्यांत कशी आहे ते बघ.

अमेयचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण उत्तर उलटं आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३च्या सर्व्हेत हायब्रिडना पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी समस्या निघाल्या. प्लग-इन हायब्रिडना, म्हणजे ज्यांची मोठी बॅटरी प्लग लावूनही चार्ज करतात त्यांना, मात्र १४६ टक्के जास्त. तेव्हा शोरूममध्ये ‘हायब्रिड’ म्हणून नक्की काय दाखवताहेत ते नीट विचारून घे.

हायब्रिड कमी का बिघडते ते समजून घेण्यासारखं आहे. प्रियस १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये आली तेव्हापासून टोयोटा जी रचना वापरते, तिच्यात इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरच्या संचाने जोडलेले असतात. गिअर बदलतच नाहीत. क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. दात एकमेकांत अडकलेले ते अडकलेलेच राहतात, फक्त कोण किती वेगाने फिरतो ते बदलतं. त्याला ई-सीव्हीटी म्हणतात म्हणून लोक त्याला सीव्हीटीच समजतात. पण सीव्हीटीमध्ये दोन पुलींच्या मध्ये घर्षणावर चालणारा पट्टा किंवा साखळी असते, आणि बदनाम झाले ते हे पट्ट्याचे गिअरबॉक्स. साध्या सेडानमध्ये हा पट्ट्याचा गिअरबॉक्स आहे की नेहमीचा गिअर बदलणारा, ते आधी विचार. माझ्या मते तुझ्या तिन्ही गाड्यांत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. सगळ्या कंपन्यांचे हायब्रिड मात्र असे नसतात, तेव्हा ब्रोशरमधली रचना वाच.

बॅटरीची भीती बाळगू नकोस, पण तिची काळजी घे. वॉरंटी सहसा ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची तरी असते, काही कंपन्या १० वर्षं आणि दीड लाख मैलांची देतात. बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटच्या कडेला एक लहान जाळी असते, तिच्यातून केबिनमधली हवा बॅटरी थंड करायला आत जाते. त्या जाळीवर मुलांची जॅकेट, पिशव्या टाकू नका. तिच्यामागची फिल्टर केसांनी आणि धाग्यांनी भरते. ती काढून साफ करायला पाच मिनिटं लागतात, आणि ती तुंबली की बॅटरी तापून अकाली म्हातारी होते. ब्रेक पॅड हायब्रिडमध्ये खूप टिकतात, पण जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथे वापर कमी म्हणून कॅलिपर जाम होतात. वर्षातून एकदा साफ करून घ्या.

टर्बो क्रॉसओव्हरबद्दल मी साशंक आहे. टर्बो वाईट असतो असं नाही, तुझं चालवणं त्याला मानवणारं नाही. छोट्या, थंड फेऱ्यांत डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचा काही अंश तेलात उतरतो आणि इंजिन पुरतं तापल्याशिवाय तो उडून जात नाही. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत, आणि त्यांच्यावर काजळी बसते.

विवेक

प्रेषक: नीलेश

काकांशी थोडा असहमत. आमच्याकडे टर्बो क्रॉसओव्हर आहे, रनिंग जवळजवळ सगळं हायवेचं, आणि लेबलच्या वरच मिळतं. तेल मात्र गाडी सांगते त्याच्या आधीच बदलतो. छोट्या फेऱ्या असतील तर मॅन्युअलमधलं ‘सिव्हिअर’, म्हणजे खडतर वापराचं, वेळापत्रक धरायचं, हे डीलर स्वतःहून सांगत नाही.

अदिती, वापरलेली घेणार असशील तर व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या, साइटवर टाकून रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहेत का बघ, आणि सर्व्हिसच्या पावत्या मागून घे. नवी घेणार असशील तर पूर्णपणे नव्या डिझाइनचं पहिलं वर्ष टाळ.

नीलेश

प्रेषक: अदिती

नीलेश, म्हणजे काका आणि तू एकच सांगताय असं मला दिसतंय. तुझं रनिंग हायवेचं, माझं डे-केअरचं.

क्रॉसओव्हर यादीतून काढली. साध्या सेडानमध्ये पट्ट्याची सीव्हीटी निघाली, आणि सात वर्षं जुन्या मॉडेलच्या ट्रान्समिशनच्या रकान्यात तिचे गुण वाईट आहेत. हायब्रिडचं डिझाइन तिसऱ्या वर्षात आहे. किमतीतला फरक हजार गॅलनच्या हिशेबात साधारण सात वर्षांत भरून निघतो, स्मिताताईंची थंडी धरून आठ. शनिवारी टेस्ट ड्राइव्हला जातोय. मधल्या ट्रिमची, लहान चाकांची मागितली आहे, आणि कार सीट सोबत नेतोय, म्हणजे ती बसवल्यावर बॅटरीची जाळी झाकली जाते का तेही कळेल.

अदिती

प्रेषक: विवेक

टेस्ट ड्राइव्हला डीलरच्या ठरलेल्या फेरीवर जाऊ नका. हायवेवर न्या आणि चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. ई-सीव्हीटीत इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि तसाच राहतो, काही लोकांना तो अजिबात सोसत नाही. दहा वर्षं तोच ऐकायचा आहे, तेव्हा अमेयलाही चालवू दे.

विवेक