अनुभव धागा: प्रौढ शिक्षणात आणि मुक्त विद्यापीठात आयुष्य घातलेली आपली माणसं

अबोली
रविवारी 'उल्लास'ची, म्हणजे शाळा न शिकलेल्या मोठ्या माणसांसाठीच्या सरकारी साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा होती. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी बसणार होत्या म्हणून सोबत महापालिकेच्या शाळेत गेले. वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून १५० गुण. फाटकाशी एक आजी नातवाला म्हणाल्या, "अजून एक पेन दे, मधेच बंद पडलं तर काय करू?" तेव्हापासून बाबा डोक्यातून जात नाहीयेत.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. बाबा त्यात शहापूर-मुरबाडकडे पर्यवेक्षक होते. एका वर्गात तीसेक माणसं, शिकवणारा गावातलाच, मानधन महिन्याला ५० रुपये. वर्ग रात्री, कंदिलावर. भाताची लावणी आली की वर्ग रिकामे, आणि वरून विचारणा, हजेरी का पडली? बाबा लावणीपुरते वर्ग बांधावर घ्यायचे. वरच्यांना ते मुळीच पटत नसे, पण बाबा मागे हटले नाहीत.

एक बाई मला बाबांच्या तोंडून ऐकून पाठ झाल्यात. नवरा वारलेला. जोडाक्षरं अजून यायची नाहीत, पण बाबांनी वर्गात सातबारा वाचायला घेतला होता. त्यांनी बोट ठेवत ठेवत उतारा वाचला आणि म्हणाल्या, "ह्यात दिरांची नावं हायेत, माझं कुठंय?" वारसनोंद झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे गेल्या. बाबांच्या मते साक्षरता म्हणजे एवढंच आणि इतकं सगळं.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू. बाबांनी मुंबईत एका अभ्यासकेंद्राचं काम घेतलं ते शेवटपर्यंत. दहावी-बारावी राहिलेल्यांनी पूर्वतयारी करून थेट पदवीला यायचं, ही कल्पनाच तेव्हा लोकांना खोटी वाटे. रिक्षावाले, हवालदार, आया, सगळ्यांची रविवारी संपर्कसत्रं, म्हणजे समोर बसून वर्ग. आमच्या घरी रविवार असा नव्हताच.

तुमच्याकडे असं कोणी होतं का? लिहा ना.

गिरणगावकर
पप्पा लालबागला रात्रशाळेत होते. पहिली पाळी करून, जेवून शाळा. आठवीत असताना ८२ चा संप. गिरणी गेली, शाळा पण सोडली. सर खोलीवर आले. आजी म्हणाली घरात पीठ नाही तुम्ही शाळेचं काय काढलंत. सर बसले, चहा घेतला, म्हणाले फी मी बघतो, पोराला पाठवा. पप्पा दहावी झाले आणि त्यावर शिपायाची सरकारी नोकरी लागली. ते सर दिवसा दुसरीकडे कारकून होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. परळ आलं, उतरतोय, बाकी नंतर.

मोगरा
अबोलीताई, सातबाराचं वाचून काटा आला अंगावर. बाबा आहेत का अजून?

अबोली
नाही गं. कोविडच्या आधी गेले.

मोगरा
💐

शाळामास्तर
महाराष्ट्राला हे नवं नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात मोठ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. आणि साताऱ्याची ग्रामशिक्षण मोहीम, १९५९! अख्खं गाव लिहायला-वाचायला शिकलं की ग्रामगौरव समारंभ. १९७२ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळालं तिला. माझे थोरले मामा त्या मोहिमेत शिक्षक होते. ते सांगत, सगळ्यात अवघड म्हणजे शिकलेलं टिकवणं. समारंभ झाला, हार झाले, वर्षभरात वाचायला काही मिळालं नाही की माणूस परत अंगठ्यावर. म्हणून मामा दर बाजाराला तालुक्याहून जुनी वर्तमानपत्रं आणून देवळात ठेवायचे. या कामाचं मोल आपण अजूनही नीट केलेलं नाही, मला तरी तसं वाटतं.

कलिनावाली
आईने मुंबई विद्यापीठातून पत्रद्वारा बीए केलं. तिकडे हे ७१ ला सुरू झालं, ती पहिल्या काही वर्षांतली. टपालाने नोट्स यायच्या. डोंबिवली ते व्हीटी लेडीज डब्यात अभ्यास. डब्यातल्या बायका तिच्यासाठी खिडकी धरायच्या आणि परीक्षा जवळ आली की भजन पण हळू आवाजात. निकालाच्या दिवशी डब्यात पेढे वाटले.

चाफा
व्हीटी वाचून किती बरं वाटलं 😊 आमच्याकडे सीएसएमटीला अजून तेच म्हणतात

गिरणगावकर
आमच्याकडे पण. बोरीबंदर म्हणणारी आजी होती.

नाव नको
मी पण घरून शिकलेय, लग्नानंतर. कुठून ते लिहीत नाही. पुस्तकं परीक्षेच्या तोंडावर आली, स्वाध्याय कुणी तपासले देव जाणे. टिकले ते फक्त एका समंत्रक मॅडममुळे, म्हणजे केंद्रावर शिकवणाऱ्या. बाळाला मांडीवर घेऊन वर्गात बसू द्यायच्या, रडलं तर स्वतः घेऊन शिकवायच्या. अबोली, तुझ्या बाबांसारख्या माणसांशिवाय दूरशिक्षण म्हणजे नुसतं पार्सल. सासूबाई हाक मारतायत, जाते.

अबोली
बाबांनी हे वाचायला हवं होतं.

चाफा
मुरबाडचा विषय निघालाच आहे तर, फांगण्याची आजीबाईंची शाळा तिथलीच. २०१६, महिला दिनाला सुरू झाली. गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर. अबोली, तुझ्या बाबांच्या वर्गातली कुणी तिथे असेल का गं?

अबोली
अगं काय सांगतेस! बाबांच्या वह्या आहेत, गावांची नावं बघते.

मोगरा
जरा वेगळं विचारते. आमच्या सोसायटीतल्या वॉचमनदादांच्या बायकोला दहावी करायचीय, सातवीत सुटली शाळा. वय ३४. कुठे जायचं?

शाळामास्तर
१७ नंबरचा अर्ज. बाहेरून दहावीला बसता येतं, अर्ज आता ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा दाखला आहे का बघा. नसेल तर आधी जुन्या शाळेतून तो काढायला सांगा, तिथेच सगळे अडकतात.

मोगरा
दाखला गावी, चिपळूणला आहे म्हणे. गणपतीला जाणार आहेत.

शाळामास्तर
गणपतीपर्यंत थांबू नका. मुदत निघून जाईल. भाऊ वगैरे असेल गावात तर त्याला फोन करायला सांगा.

मोगरा
खालीच आहेत त्या, आत्ताच सांगून येते.