घरात कापूस भरला की पोराच्या शिंका सुरू, ही सर्दी की ॲलर्जी?

चोपडा_तापीकाठ:
मुलगा ८ वर्षांचा आहे, दसऱ्यानंतर वेचणीचा कापूस घरात यायला लागला की त्याचं सुरू होतं, सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक शिंका, नाकातून नुसतं पाणी, डोळे चोळून चोळून लाल, ताप मात्र कधीच नाही. यंदा भाव नाही म्हणून कापूस अजून पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला आहे आणि तो तिथेच अभ्यासाला बसतो. दरवेळी अँटिबायोटिक मिळतं, बरं वाटतं, परत तेच. मिस्टरांचंही नाक कायम चोंदलेलं, कित्येक महिने रोज रात्री ड्रॉप टाकल्याशिवाय झोपच लागत नाही. सासूबाई म्हणतात थंडीचं आहे, मोठा झाला की जाईल. रक्ताची टेस्ट करावी का? आणि स्प्रेत स्टेरॉइड असतं म्हणे, लहान पोराला चालतं का?

धुळे_मेडिकल:
ताई, ताप नाही, नाकाचं पाणी पातळ, डोळ्यांना खाज आणि दरवर्षी त्याच दिवसांत, म्हणजे ॲलर्जीच वाटते. नाकाच्या शेंड्याच्या थोडं वर आडवी रेघ दिसते का बघा, तळहाताने नाक खालून वर पुसायची सवय लागली की पोरांना ती पडते. ॲलर्जीवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. आणि मिस्टरांचे ड्रॉप झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे असतील तर ते ३ ते ५ दिवसांपुरतेच असतात हो, जास्त दिवस टाकले की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत ड्रॉप, असं चक्रच लागतं. काउंटरवर रोज असे लोक बघतो. त्यांना डॉक्टरकडे न्या, ड्रॉप सोडवायला स्टेरॉइड स्प्रे देतात.

जळगाव_आई:
स्टेरॉइडची भीती मलाही होती. पण हा स्प्रे नाकातच काम करतो, अंगात फार कमी जातो, मोमेटासोन तर २ वर्षांच्या वरच्या मुलांनाही देतात. फक्त डॉक्टरांना विचारूनच, आणि बरेच महिने चालणार असेल तर उंची मोजत राहायची. एक फवारा मारला की लगेच नाक मोकळं होत नाही, रोज घ्यावा लागतो, पूर्ण गुण यायला आठवडा दोन आठवडे जातात, लोक चौथ्या दिवशीच सोडून देतात तिथेच घोळ होतो. मारायची पद्धत अशी, मान थोडी पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर कानाच्या दिशेला, आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं.

ईएनटी_शिकाऊ:
वरचं बरोबर आहे. बहुतेक वेळा लक्षणं ऐकून आणि नाक तपासूनच निदान होतं, टेस्ट लगेच लागत नाही. औषधाने फरक पडला नाही किंवा इम्युनोथेरपीचा (ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची) विचार असेल तर त्वचेवर हलकंसं टोचून प्रिक टेस्ट करतात, त्याआधी साधारण आठवडाभर सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, रक्ताच्या टेस्टला तसं नाही. रक्तात नुसतं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रथिन) वाढलेलं आलं तर त्यावरून कशाची ॲलर्जी ते कळत नाही, त्यावर पैसे घालवू नका. इम्युनोथेरपी ३ ते ५ वर्षं चालते, मनाची तयारी हवी. कापसाच्या धुळीने त्रास वाढतोच, पण खरा दोषी गोधडी-गादीतले बारीक किडेही असू शकतात, थंडीत त्याच गोधड्या बाहेर निघतात ना. रात्री खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दम्याचंही बघून घ्या, दोन्ही बरेचदा सोबत असतात. रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ, तपासून घ्या. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचं येत असेल तर ॲलर्जी नाही, आत चणा किंवा मणी अडकलेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

चोपडा_तापीकाठ:
खूप आभार. घोरतो तो, रोजच. कापूस आता गोठ्याशेजारच्या खोलीत हलवतोय, गोधड्या कशा धुवायच्या?

जळगाव_आई:
चादरी, उशीचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात, ६० अंशाच्या आसपास. गोधडी घरात झटकू नका, आणि बाहेर झटकताना पोराला तिथे उभं करू नका.