मदत हवी आहे: पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर चांगला मराठी व्हिडिओ (तातडीने!)

रानमोगरी:
नमस्कार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मराठीत चांगला व्हिडिओ कुणाकडे आहे का? दहा मिनिटांच्या आतला. आमच्याकडचा बचत गटाच्या दोन बैठकांत दाखवला. बायका बघतात, माना डोलावतात, एकदोघी रडल्यासुद्धा. पण तपासणीला ३४ पैकी दोघी आल्या. आधी ज्या 'बघू' म्हणत होत्या त्याही आता नको म्हणतात. शुक्रवारी पुढची बैठक आणि दसऱ्यानंतर गाव रिकामं. लिंक असेल तर लगेच द्या. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

भुईकोट:
कुठलं गाव? कसली तपासणी? व्हिडिओत आहे काय? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पेठकरी:
मोबाईलवर दाखवता की प्रोजेक्टरवर? आमच्या सोसायटीने गणपतीत छोटा प्रोजेक्टर घेतला. पांढरी चादर ताणली की काम झालं. मोबाईलभोवती ३४ बायका कशा मावणार?

रानमोगरी:
पेठकरी, टीव्ही आहे. प्रोजेक्टर नकोय.

सोनसळी:
खरं सांगू? व्हिडिओ राहू द्या, लस द्या. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वयात दोनच डोस. माझ्या लेकीला दिले, साधा तापही आला नाही.

भुईकोट:
धागा लेकींचा नाही, त्यांच्या आयांचा आहे. तिशीपुढच्या बाईला तपासणीच हवी. शिवाय लस घेतलेल्या मुलीचीही पुढे तपासणी चुकत नाही. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचे १६ आणि १८ हे जे दोन प्रकार ही लस अडवते, त्यांच्यामुळे सुमारे ७० टक्के कॅन्सर होतात. बाकीच्यांचं काय?

सोनसळी:
आयांना लस द्या असं मी कुठे लिहिलं? नीट वाचत जा.

कापूसबोळा:
भांडू नका. रानमोगरी, तपासणी पॅपची (पेशी घेऊन लॅबला पाठवतात ती) करता की व्हिनेगर लावून बघायची? (मी निवृत्त सिस्टर.)

रानमोगरी:
व्हिनेगरची, व्हीआयए. बीड जिल्हा, ऊसतोडीचं गाव. 'दसऱ्यानंतर रिकामं' म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं.

कापूसबोळा:
आता कळलं. तुमचा व्हिडिओ संपतो कशावर?

रानमोगरी:
एक बाई दुखणं अंगावर काढते, उशिरा येते, मग तिची पिशवी काढावी लागते. शेवटी 'वेळीच तपासणी करा' अशी पाटी.

कापूसबोळा:
मग कोण येईल! २०१९ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या तोडणीच्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं होतं. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेल्या, 'कॅन्सर होईल' ऐकलं आणि पिशवी काढून घरी आल्या. तुमच्या पडद्यावरही आधी कॅन्सर, मग पिशवी काढणं. बायका अडाणी म्हणून मागे हटल्या नाहीत, त्यांनी हे एकदा पाहिलंय. त्या ३४ मधल्या किती जणींना पिशवीच नाही, विचारलंत का?

रानमोगरी:
नाही विचारलं. थांबा, आशाताईंना फोन करते.

निशिगंध_७:
या आजाराचा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, हे व्हिडिओत आहे का? असेल तर कापा. सून आणि सासू शेजारी बसलेल्या असतात हो.

भुईकोट:
कापायचं कशाला? उद्या दुसरीकडून कळलं की नवरा बायकोवर संशय घेणार. हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो, हे सरळ सांगा. टिकून राहतो त्यातूनच पुढे धोका.

निशिगंध_७:
तुम्ही बसा त्या सासूसमोर आणि सांगा.

आकडेमोड:
मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत माहिती आणि दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, उरलेल्यांत फक्त एकदा माहिती. तपासणीच्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तेव्हा नुसत्या व्हिडिओवर फार भिस्त ठेवू नका.

रानमोगरी:
नऊ. नऊ जणींना पिशवी नाही. सगळ्यात लहान २८ ची. आणि आशाताई म्हणाल्या, 'गर्भाशयमुख' ऐकून एक आजी विचारत होत्या, "कुणाचं मुख?"

कापूसबोळा:
मग लिंक शोधत बसू नका, स्वतःच शूटिंग करा. भीती पुरे झाली, तपासणी दाखवा. आत बघायला जो चिमट्यासारखा स्पेक्युलम घालतात, तो मी आधी बाईच्याच हातात द्यायचे. उघड, मीट, बघ म्हणायचे. गार लागतो म्हणून कोमट पाण्यात धरायचे. मग व्हिनेगरचा बोळा लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. डाग उठला नाही तर साडी नीट करून घरी. पांढरा डाग उठला तरी तो कॅन्सरच असतो असं नाही, हे दोनदा म्हणा. पुढे उपचार लागलेच तर बहुतेकदा तेवढीच जागा गोठवतात किंवा भाजतात, पिशवी जागेवर राहते. हे वाक्य तपासून आलेल्या त्या दोघींपैकी एकीच्या तोंडून येऊ द्या, तिची तयारी असेल तर. नऊ जणींना मात्र वेगळं बसवून बोला.

भुईकोट:
तपासणी होते कुठे? हे अजूनही लिहिलेलं नाही.

रानमोगरी:
ग्रामीण रुग्णालयात. २२ किलोमीटर. गुरुवारी.

भुईकोट:
आणि गावचा बाजार?

रानमोगरी:
…गुरुवारी.

आकडेमोड:
😀

रानमोगरी:
हसू नका. वार बदलून मिळतो का विचारते, जीपचंही बघते. त्या दोघींपैकी एक बोलायला तयार आहे, डोक्यावर पदर घेऊन. उद्याच काढतोय. फोन उभा धरू की आडवा?

निशिगंध_७:
उभा. सगळ्या जणी स्टेटसलाच बघतात.

पेठकरी:
आडवा! प्रोजेक्टरवर उभा व्हिडिओ चिंचोळा दिसतो.