कन्सेंट: संमती, परवानगी की होकार?

वर्तनाधारित जाहिरातींवरच्या, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं वागणं पाहून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींवरच्या, मजकुराचं भाषांतर करतोय. ‘कन्सेंट’साठी मसुद्यात परवानगी, अनुमती, संमती असे तिन्ही शब्द घुसलेत. कुठला ठेवू?

— संमती. परवानगी देणारा वरचा आणि मागणारा खालचा, असा तिचा बाज आहे. अ‍ॅप कॅमेऱ्याची परवानगी मागतं, तिथे ती रुळलीय, तिथे राहू द्या. कायद्यातल्या संमतीला मात्र अटी असतात. जीडीपीआर या युरोपच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक हेतूपुरती, पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली आणि निःसंदिग्ध हवी. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्यात ‘बिनशर्त’ची भर घातलीय.

— संमतीच, पण जरा जपून. ‘मौनं संमतिलक्षणम्’ आपल्या अंगात इतकं मुरलंय की गप्प बसलेल्याची संमती आपण धरूनच चालतो. कायदा नेमका उलट बोलतो. प्लॅनेट४९ या कंपनीने बक्षीस सोडतीच्या अर्जात कुकीच्या (वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये साठवते त्या छोट्या फाइलच्या) संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवली होती. नको असेल त्याने ती काढायची. ही संमतीच नव्हे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी सांगितलं. त्यामुळे पहिल्या उल्लेखात तरी ‘स्पष्ट कृतीतून दिलेली संमती’ असं लिहा. लांबलचक आहे, पण इलाज नाही.

— मग सरळ ‘होकार’ का नको? सगळ्यांना कळतो.

— कळतो, पण ‘होकार मागे घेतला’ म्हटलं की मोडलेलं लग्नच आठवतं! आणि मागे घेणं तर इथे सारखंच येणार, कारण जीडीपीआर म्हणतो की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. होकार-नकाराची जोडी बटणांसाठी ठेवा. ‘सर्व स्वीकारा’ला लागूनच ‘सर्व नाकारा’ हवं. ‘अधिक पर्याय’ म्हणजे नकार नव्हे. कुकींचा स्वीकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला मात्र अनेक क्लिक, एवढ्यावरून फ्रान्सच्या माहिती संरक्षण नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचं जानेवारी २०२२मध्ये जाहीर झालं.

— जाता जाता: ‘वर्तणूक’ नको, ‘वर्तन’च बरं. वर्तणूक म्हटलं की शाळेचा दाखला डोळ्यांपुढे येतो. ‘ट्रॅकिंग’ला मागोवा चालेल. ‘मॉनिटरिंग’ला मी ‘पाळत’ म्हणेन. भारतीय कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत या दोन्हींना आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई करतो; तिथे ‘देखरेख’ लिहिलंत तर कुणी काळजीच घेतंय असं वाटेल.